शत्रूला फायदा होईल म्हणून गप्प बसावं का? रोमाँ रोलाँचं १९१४ मधलं प्रकरण

सप्टेंबर १९१४. पहिलं महायुद्ध सुरू होऊन दोन महिनेही झालेले नव्हते. मार्न नदीकाठच्या लढाईत जर्मन फौजा मागे रेटल्या गेल्या होत्या आणि पॅरिस थोडक्यात वाचलं होतं. त्याच महिन्यात जिनिव्हाच्या ‘जुर्नाल द जनेव्ह’ या वर्तमानपत्रात एका फ्रेंच लेखकाचा लेख आला. मथळा होता ‘ओ-दस्यू द ला मेले’, आपल्या भाषेत ‘रणधुमाळीच्या वर’. या एका लेखाने रोमाँ रोलाँ आपल्याच देशात देशद्रोही ठरला. पुढे दोनच वर्षांनी त्याला साहित्याचं नोबेल मिळालं.

रोलाँ आपल्याकडे ओळखला जातो तो गांधीजी, रामकृष्ण परमहंस आणि विवेकानंद यांचा चरित्रकार म्हणून. ‘भारताचा मित्र’ असा एक प्रेमळ शिक्का मारून आपण मोकळे होतो. पण त्याच्या मानवतावादाची खरी कसोटी लागली ती १९१४ मध्ये, आणि दुसऱ्यांदा १९३५ नंतर. पहिलीत तो उतरला, दुसरीत नाही, असं माझं मत आहे. दोन्ही वेळा समोर आलेला प्रश्न एकच होता, म्हणूनच हे प्रकरण तपासण्यासारखं आहे.

लेखाआधीचा माणूस

२९ जानेवारी १८६६ रोजी बर्गंडीतल्या क्लाम्सी या छोट्या गावात त्याचा जन्म झाला. वडील नोटरी, आई संगीताची भोक्ती. मुलाच्या शिक्षणासाठी १८८० मध्ये सगळं घर पॅरिसला आलं. एकविसाव्या वर्षी विद्यार्थिदशेत असताना त्याने टॉलस्टॉयला पत्र लिहिलं. कलेवर एवढा राग का, असा प्रश्न त्यात होता. अनोळखी पोराच्या पत्राला टॉलस्टॉयने फ्रेंचमध्ये पानंच्या पानं उत्तर पाठवलं. अनोळखी माणसाच्या पत्राला उत्तर द्यायचंच, ही सवय रोलाँला बहुधा तिथूनच लागली असावी. त्याचा पत्रव्यवहार अवाढव्य आहे.

पुढे इतिहास आणि संगीत हेच त्याचे विषय झाले. ऑपेराच्या उगमावर त्याने प्रबंध लिहिला आणि सॉर्बोनमध्ये संगीताचा इतिहास शिकवला. १९०३ मध्ये बीथोव्हेनचं छोटेखानी चरित्र आलं. १९०४ ते १९१२ या काळात ‘जाँ-क्रिस्तोफ’ ही दहा खंडांची कादंबरी त्याचा मित्र, कवी शार्ल पेगी याच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाली. तिचा नायक जर्मन संगीतकार आहे आणि त्याचा जिवाभावाचा मित्र फ्रेंच. १८७१ मध्ये जर्मनीकडून झालेल्या पराभवाचं शल्य उरात बाळगणाऱ्या फ्रान्समध्ये एका फ्रेंच लेखकाने दहा खंडभर जर्मन माणसाच्या मनात शिरून लिहावं, हीच त्याची भूमिका होती. वाचकांना ती आवडलीही. १९१३ मध्ये फ्रेंच अकादमीने त्याला साहित्याचा मोठा पुरस्कार दिला. एक वर्ष आधी हा माणूस देशाचा लाडका लेखक होता, हे पुढचं वाचताना लक्षात असू द्यावं.

युद्ध पेटलं तेव्हा तो स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हेवे गावी होता. वय ४८. सैन्यात बोलावणं येण्याचं वय सरलेलं, प्रकृती आधीच नाजूक, त्यात १९१० मध्ये मोटारीने उडवलेलं. तो स्वित्झर्लंडमध्येच राहिला. लपून बसायला तो तिथे गेला नव्हता, पण परतलाही नाही, आणि विरोधकांना पहिलं हत्यार इथेच मिळालं.

ऑगस्टमधलं पत्र

२५ ऑगस्टच्या रात्री जर्मन सैन्याने बेल्जियममधल्या लूव्हाँ शहराला आग लावली. विद्यापीठाचं ग्रंथालय जुन्या हस्तलिखितांसकट जळालं. गावातली सुमारे अडीचशे माणसं मारली गेली. २९ ऑगस्टला रोलाँने जर्मन नाटककार गेरहार्ट हाउप्टमानला जाहीर पत्र लिहिलं. त्यात सवाल होता, तुम्ही महाकवी ग्योथेचे नातू की हूणांचा राजा अटिला याचे? हाउप्टमानने उलट उत्तर दिलं. थडग्यावर ‘ग्योथेचे वंशज’ असं कोरून मरण्यापेक्षा आम्हाला अटिलाचे पुत्र म्हणवून घेणं परवडेल, असा त्याचा आशय होता. ऑक्टोबरमध्ये ९३ जर्मन विद्वानांनी आपल्या सैन्यावरचे आरोप फेटाळणारं निवेदन काढलं, त्यावरही हाउप्टमानची सही होती.

हे पत्र सहसा रोलाँच्या धैर्याचा नमुना म्हणून सांगितलं जातं. मला त्यातलं एक वाक्य खटकतं. माणसं मारा, पण कलाकृतींचा आदर राखा, ती साऱ्या मानवजातीची ठेव आहे, असं तो लिहितो. वाक्य संतापाच्या भरात आलेलं असेल, पण ते सहज सुटलेलंही नाही. १९१४ च्या ऑगस्टमधला रोलाँ अजून ग्रंथालयांचा, कॅथेड्रलांचा, बीथोव्हेनचा माणूस होता. लूव्हाँच्या पुस्तकांसाठी त्याचा जीव तुटला. त्याच गावात मेलेल्या माणसांचा उल्लेख मात्र त्या वाक्यात जवळपास परवानगी दिल्यासारखा आला. मानवतावाद म्हणजे माणसाने घडवलेल्या थोर वस्तूंबद्दलची भक्ती, अशी त्या पिढीतल्या सुशिक्षित युरोपियनाची समजूत होती, आणि रोलाँ त्या समजुतीच्या आतच वाढलेला होता.

लेखात खरोखर काय होतं

सप्टेंबरचा लेख शांततावाद्याची गुळमुळीत विनवणी असेल, असं मथळ्यावरून वाटतं. तसा तो नाही. सुरुवातीलाच तो आघाडीवर निघालेल्या तरुणांना वंदन करतो, दोन्ही बाजूंच्या. फ्रान्सने शस्त्रं खाली ठेवावीत असं तो कुठेही म्हणत नाही. जर्मनीचा लष्करशाही साम्राज्यवाद हा सर्वांत घातक, असंही स्वच्छ सांगतो. मग पुढे जाऊन म्हणतो की प्रत्येक राष्ट्राच्या पोटात असा एक साम्राज्यवाद आहे, रशियाच्या झारशाहीत आहे आणि आपल्यातही आहे.

त्याचा रोख मुख्यतः वडीलधाऱ्यांवर आहे. तरुण मरायला निघाले, पण त्यांना कोणतं ध्येय दिलं? तत्त्वज्ञ, कवी, प्राध्यापक द्वेषाची भाषा शिकवत बसले. आँरी बर्गसाँसारख्या तत्त्वज्ञाने ऑगस्टमध्येच हा संस्कृतीचा रानटीपणाशी लढा आहे असं जाहीर केलं होतं. ज्यांनी युद्ध रोखायला हवं होतं त्या दोन नैतिक शक्ती, ख्रिस्ती धर्म आणि समाजवाद, पहिल्या फटक्यालाच कोसळल्या, असं रोलाँ लिहितो. समाजवादी नेता जाँ जोरेस याचा ३१ जुलैला पॅरिसमध्ये खून झाला होता. त्यानंतर फ्रेंच आणि जर्मन समाजवादी आपापल्या सरकारांमागे जाऊन उभे राहिले होते.

लेखात एक यादी आहे, आपण थांबून वाचावी अशी. युरोपची थोर राष्ट्रं एकमेकांना संपवायला कोणाकोणाला हाका मारताहेत, असं म्हणत तो कोसॅक, तुर्क, जपानी, सेनेगली, मोरोक्कन अशी नावं घेतो आणि त्यात शीख आणि शिपाईही येतात. या सगळ्यांना मिळून तो ध्रुवावरचे आणि विषुववृत्तावरचे रानटी म्हणतो. लेख आला त्याच आठवड्यात, २६ सप्टेंबरला, हिंदी फौजेची पहिली जहाजं मार्सेय बंदराला लागली. महिन्याभरात, २८ ऑक्टोबरला, पुण्याजवळच्या खडकीहून गेलेल्या सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंत्यांच्या दोन कंपन्या फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या हल्ल्यात उतरल्या आणि त्यांची भीषण हानी झाली. रोलाँच्या लेखी तेव्हा ती माणसं नव्हती, युरोपच्या अधःपाताचा पुरावा होती. पुढे हिंदुस्थानवर जीव लावणारा हाच लेखक १९१४ मध्ये आपल्याबद्दल असं बोलत होता, हे झाकून ठेवण्यात मतलब नाही.

लेखातला प्रत्यक्ष उपाय मात्र अगदीच तोकडा आहे. तटस्थ देशांतल्या सुजाण माणसांचं एक नैतिक न्यायासन उभारावं, त्याने सर्व बाजूंच्या अत्याचारांची नोंद घ्यावी, एवढीच मागणी. ते कसं चालायचं, त्याचं ऐकणार कोण, याचा पत्ता नाही. लेखाचा शेवट भव्य आहे. आपली दोन घरं आहेत, एक जन्मभूमी आणि दुसरं सर्व मानवांचं नगर. पहिल्यात आपण पाहुणे, दुसऱ्याचे आपण गवंडी.

कोण काय वाचून चिडलं

फ्रान्समध्ये मूळ लेख फारच थोड्यांच्या हाती पडला. ५ ऑगस्टपासून वृत्तपत्रांवर युद्धकाळाचा कायदा लागू होता. लोकांपर्यंत पोहोचले ते निवडक तुकडे, तेही टीका करणाऱ्यांनी वेचलेले. ऑक्टोबरमध्ये फ्रेंच राज्यक्रांतीचा नामवंत इतिहासकार आल्फाँस ओलार ‘ल मातँ’मधून तुटून पडला. मग लेखांची रांग लागली. १९१५ मध्ये आँरी मासीसने एक पुस्तिकाच काढली, मथळ्यातच रोलाँ फ्रान्सच्या विरुद्ध उभा असल्याचा निवाडा. जुने मित्र दुरावले. त्याची बाजू घेणारा सर्वांत तापट मित्र ठरला असता पेगी, किंवा कदाचित सर्वांत कडवा विरोधकही तोच ठरला असता, पण लेख छापून येण्याआधीच, ५ सप्टेंबरला, तो आघाडीवर गोळी लागून मेला होता. जर्मन बाजूलाही रोलाँने हाउप्टमानला लिहिलेल्या पत्राचा राग होताच.

आरोप दोन प्रकारचे होते. एक, सुरक्षित देशात बसून उपदेश करणं सोपं असतं. या आरोपात तथ्य आहे आणि रोलाँच्या चाहत्यांनी तो उडवून लावू नये. ज्याचा मुलगा खंदकात आहे अशा बापाला सरोवराकाठून आलेलं वाक्य कसं वाटलं असेल, ते समजण्यासारखं आहे. पण हेही खरं की पॅरिसमध्ये राहून तो हा लेख छापूच शकला नसता. सुरक्षित जागेचा लाभ बहुतेकांनी गप्प बसण्यासाठी घेतला, याने बोलण्यासाठी घेतला.

दुसरा आरोप जास्त गंभीर. तू म्हणतोस ते खरं असेलही, पण आत्ता नको, कारण त्याने शत्रूला बळ मिळतं. या युक्तिवादाचा एक गुण असा की तो खोडून काढता येत नाही. शत्रूला फायदा झाला की नाही हे मोजणार कसं? रोलाँने तो खोडला नाहीच, मानायला नकार दिला. नोव्हेंबर १९१५ मध्ये लेख पुस्तकरूपाने आले. प्रस्तावनेत त्याने लिहिलं की हल्ला झालेल्या थोर राष्ट्राला फक्त सीमांचं रक्षण करायचं नसतं, आपल्या विवेकाचंही करायचं असतं. आणि विरोधकांना उद्देशून, ते माझा द्वेष करू शकतात, पण मला द्वेष करायला शिकवू शकणार नाहीत. आता लोकांना पूर्ण मजकूर वाचता आला आणि पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या.

म्यूझे रातमधलं काम

प्रकरणाचा हा भाग लेखापेक्षा महत्त्वाचा आहे, पण रोलाँवरच्या लिखाणात तो दोन ओळींत उरकला जातो.

ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने जिनिव्हात युद्धकैद्यांसाठी एक कचेरी उघडली. पत्रांचा इतका लोट आला की म्यूझे रात हे शहरातलं कलासंग्रहालय त्यांना वापरायला देण्यात आलं. दालनांत टेबलं लागली, खोकी रचली गेली. प्रत्येक हरवलेल्या माणसाच्या नावाचं एक कार्ड. फ्रान्सकडून, जर्मनीकडून कैद्यांच्या याद्या यायच्या, त्यातलं नाव आणि घरच्यांनी चौकशी केलेलं नाव जुळलं की कुटुंबाला कळवायचं. हजाराहून जास्त स्वयंसेवक हे काम करत होते. त्यात ऑक्टोबर १९१४ ते जुलै १९१५ रोलाँही होता.

तो होता नागरी विभागात, डॉक्टर फ्रेदेरिक फेरिएर यांच्या हाताखाली. पकडलेल्या सैनिकाला आंतरराष्ट्रीय करारांचं थोडंतरी संरक्षण होतं. पण व्यापलेल्या गावांतून उचलून नेलेले म्हातारे, बायका, मुलं, शत्रूदेशात अडकलेले नोकरदार यांच्यासाठी कोणताही करार नव्हता आणि रेड क्रॉसलाही त्यांच्याबाबतीत काही अधिकार नव्हता. फेरिएरने अधिकाराची वाट न बघता विभाग सुरू केला. जाँ-क्रिस्तोफचा लेखक तिथे बसून पत्रं वाचत होता, उत्तरं लिहीत होता. ऑक्टोबरच्या अखेरीस या कामावर त्याने लेखही लिहिला.

माणसं मारा पण कलाकृती सांभाळा, असं लिहिणाऱ्याला दोन महिन्यांत नियतीने अशा संग्रहालयात आणून बसवलं, जिथल्या दालनांत आता चित्रांऐवजी माणसांची नावं होती. मी इथे नियती म्हणतोय, पण तो स्वतःच्या पायांनी गेला होता. ‘रणधुमाळीच्या वर’ या शब्दांत उंचीचा जो दर्प आहे तो या खोलीत टिकणं शक्य नव्हतं. त्यानंतरचं त्याचं लिखाण उतरत्या आवाजातलं आहे आणि म्हणून अधिक खणखणीत. नोव्हेंबर १९१६ मध्ये त्याने ‘खून पाडलेल्या जनतेस’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. त्यात ग्रंथालयांचा विलाप नाही. युरोपने साऱ्या जगात काय केलं याचा जमाखर्च आहे, आणि युरोपच्या संस्कृतीविषयी साक्ष कोणाची काढली आहे? रवींद्रनाथ ठाकुरांची, त्यांनी त्याच वर्षी टोकियोत दिलेल्या व्याख्यानातली. विषुववृत्तावरच्या रानटी लोकांपासून इथपर्यंत यायला त्याला दोन वर्षं लागली. त्याच महिन्यात १९१५ चं नोबेल जाहीर झालं. रक्कम त्याने रेड क्रॉस आणि मदतकार्यांना देऊन टाकली.

त्याला तेव्हा साथ देणारे थोडेच होते. ऑस्ट्रियन लेखक श्टेफान झ्वाइगने युद्धाच्या सुरुवातीला परदेशी मित्रांचा निरोप घेणारा लेख बर्लिनमध्ये छापला, तेव्हा रोलाँने त्याला कळवलं की मी माझ्या कोणत्याही मित्राचा निरोप घेत नाही. सप्टेंबर १९१५ मध्ये आइनस्टाइन व्हेवेला येऊन त्याला भेटला. जून १९१९ मध्ये रोलाँने विचारस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, त्यावर या दोघांच्या सह्या आहेत आणि रवींद्रनाथांचीही.

गांधीजींचा धागा इथूनच पुढे जातो. १९२३ मध्ये रोलाँने ‘यंग इंडिया’तल्या लेखांच्या आधारे त्यांचं चरित्र लिहिलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, बहीण मादलेन वाचून अनुवाद करून द्यायची. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. जानेवारी १९२४ मध्ये त्यांची पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच महिन्यात सुटका. बीथोव्हेनच्या वेडापायी रोलाँकडे आलेल्या मॅडेलिन स्लेड या इंग्रज तरुणीला त्यानेच गांधीजींविषयी सांगितलं. ती १९२५ मध्ये साबरमतीला पोहोचली, मीराबेन झाली, आणि पुढे वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजींच्या आधी जाऊन राहिली. डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी स्वित्झर्लंडमधल्या व्हिलनव्हला पाच दिवस रोलाँकडे होते. तेव्हा रोलाँने त्यांना पियानोवर बीथोव्हेन ऐकवला.

तोच प्रश्न, वीस वर्षांनी

१९३३ मध्ये जर्मनीने देऊ केलेलं ग्योथे पदक रोलाँने नाकारलं. हिटलर हा त्याच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा धोका होता आणि त्याला आवरणारी एकच शक्ती त्याला दिसत होती, ती सोव्हिएत संघाची. १९३५ च्या उन्हाळ्यात तो मॉस्कोला गेला, रशियन लेखक गॉर्कीच्या घरी राहिला. २८ जूनला क्रेमलिनमध्ये स्टालिनची भेट झाली. त्याने प्रश्न विचारले, हे नोंदवायला हवं. बारा वर्षांपासूनच्या मुलांनाही मोठ्यांच्या शिक्षा, अगदी मृत्युदंडही, लागू करणाऱ्या नव्या कायद्याबद्दल विचारलं. हद्दपारीत टाकलेला लेखक व्हिक्टर सेर्ज याच्याबद्दल विचारलं. मुलाखत छापायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. आपल्या शंका त्याने डायरीत लिहिल्या आणि डायरी पन्नास वर्षं उघडायची नाही अशी अट घातली.

पुढच्या वर्षी फ्रेंच लेखक आंद्रे जीद सोव्हिएत संघात जाऊन आला. नोव्हेंबर १९३६ मध्ये त्याने आपला भ्रमनिरास छापला. स्पेनमध्ये युद्ध पेटलेलं, तेव्हा मित्रांनी त्याला विनवलं होतं की आत्ता नको, फॅसिस्टांना फायदा होईल. जीदने ऐकलं नाही. त्याच्यावर जाहीर टीका करणाऱ्यांत, कम्युनिस्ट पक्षाच्या ‘लुमानिते’ या दैनिकातून, रोलाँ होता. ओलारने १९१४ मध्ये जे केलं तेच याने आता केलं. आणि जीदच्या पुस्तकातल्या कितीतरी गोष्टी रोलाँच्या कुलूपबंद डायरीतही होत्या.

त्याच्या बाजूने बोलायचं तर हिटलरचा धोका खरा होता, १९१४ च्या कैसरपेक्षा कितीतरी पटींनी मोठा. सप्टेंबर १९३९ मध्ये त्याने पंतप्रधान दलादिएला पत्र लिहून लोकशाही राष्ट्रांच्या बाजूला पूर्ण पाठिंबा दिला. जे त्याला निव्वळ शांततावादी समजतात त्यांना याचं आश्चर्य वाटतं, पण ते १९१४ च्या लेखाशी सुसंगतच आहे. बाजू घेण्याला त्याचा विरोध कधीच नव्हता. विरोध होता तो आपल्या बाजूचं पाप झाकण्याला. आणि १९३६ ते ३८ मध्ये त्याने नेमकं तेच केलं.

असं का झालं? वय हे एक कारण असेल, तो सत्तरीत होता. रशियन पत्नी आणि तिचा तिकडे राहिलेला मुलगा, हेही असेल. मला मात्र तो कुठे बसलेला होता हे महत्त्वाचं वाटतं. जिनिव्हात रोज त्याच्यासमोर अनोळखी लोकांची पत्रं यायची, प्रत्येकात एक नाव, एक पत्ता. मॉस्कोत तो पाहुणा होता. यजमान दाखवतील ते बघायचं, दुभाषा सांगेल ते ऐकायचं. जिथे एखादं नाव त्याच्या हाती होतं तिथे तो अजूनही जुन्यासारखाच वागला. सेर्जचा विषय त्याने थेट स्टालिनसमोर काढला आणि एप्रिल १९३६ मध्ये सेर्ज देशाबाहेर पडू शकला. अटकेत असलेला बोल्शेविक नेता बुखारिन याच्यासाठीही त्याने स्टालिनला खासगी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. जाहीरपणे तो काही बोलला नाही, आणि मार्च १९३८ मध्ये बुखारिनला गोळ्या घातल्या गेल्या.